तक्रार नसलेले सांबार

निवृत्तीनंतरचे आयुष्य कुठे काढावे, हा प्रश्न सौरिराजन यांनी पूर्ण गांभीर्याने हाताळला. विजेच्या खात्यात अधीक्षक अभियंता म्हणून हयात गेलेली. तीन दरपत्रके समोर ठेवल्याशिवाय त्यांनी कधी चप्पलही घेतली नव्हती. कोइमतूरच्या आसपास ज्येष्ठांसाठीच्या वसाहती इतक्या झाल्या आहेत, की डोंगराच्या दिशेने डोळे मिटून दगड मारला तर तो एखाद्या योगवर्गातच पडावा. त्यांपैकी अकरा वसाहती त्यांनी पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी पाण्याचा जडपणा तपासला, पायऱ्यांची उंची पट्टीने मोजली, आणि देखभालीचा मासिक आकार दरवर्षी किती वाढेल याचा आलेख काढला. ही रेषा त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या रेषेला ते ब्याऐंशीचे होतील तेव्हा छेदत होती. "तोवर काही ना काही होईलच," असे ते म्हणाले. 'काही' म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारले नाही.

पत्नी कोमळवल्ली हिने आलेख पाहिलाच नाही. तिची अट एकच होती.

"अहो, जिथे मला पुन्हा चूल पेटवावी लागणार नाही, तिथे न्या. मग पाणी जड असो नाहीतर हलकं."

चव्वेचाळीस वर्षे तिने सासू, सासरे, दोन दीर, एक मुलगा आणि एक अधीक्षक अभियंता यांना रांधून घातले होते. चेन्नईतल्या नंगनल्लूरचे घर विकले त्या दिवशी तिने शेगडी शेजारच्या नव्या सुनेला दिली, इडलीचे पीठ वाटायचा रगडा देवळाला दिला आणि कॉफीचा पितळी फिल्टर भंगारवाल्याच्या तराजूत टाकला. फिल्टर तरी आठवण म्हणून राहू दे, असे सौरिराजन म्हणाले. "मला आठवणच नकोय," ती म्हणाली.

निवड झाली ती 'निळल सोलै'ची. नावाचा अर्थ सावलीची राई. राई लावायची बाकी होती, पण तिचे नाव लावून झाले होते. मध्ये मोठे भोजनगृह आणि चहूबाजूंनी सदनिका. सदनिकांत ओटा नव्हता, शेगडीला मनाई होती. कोमळवल्लीने तेवढे एक कलम दोनदा वाचून घेतले आणि मग सही केली.

पहिले काही महिने ती अक्षरशः तरुण झाली. सकाळी कॉफी दाराशी येई. दुपारी भोजनगृहात पहिल्या रांगेतली, पंख्याखालची खुर्ची तिची. आचारी रामसुब्बू सांबार वाढून गेला की ती एक घास घेई, क्षणभर डोळे मिटे आणि स्पष्ट आवाजात सांगे, "मीठ कमी आहे." चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य तिने फक्त ऐकले होते. बोलण्यात इतके सुख असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कधी मीठ बरोबर असे, तरी ती कमी आहे म्हणे. रामसुब्बूही शहाणा, तो मान हलवी आणि काही करत नसे.

वर्षाच्या आत देखभालीचा आकार दोनदा वाढला. तिसऱ्या वाढीची सूचना लागली, तेव्हा रहिवाशांची सर्वसाधारण सभा भरली. इथले बहुतेक रहिवासी कुठल्या ना कुठल्या खात्यातून निवृत्त झालेले. खुर्ची गेली होती, पण बैठक मोडलेली नव्हती. चिदंबरनाथन हे रेल्वेच्या हिशेब तपासणीतून निवृत्त झालेले गृहस्थ एकमताने अध्यक्ष झाले. न्हाव्याला जसे आधी माणसाचे केस दिसतात, तसा त्यांना कोणत्याही गोष्टीतला आधी खर्च दिसे. देखभाल करणारी कंपनी काढून टाकावी आणि कारभार आपणच करावा, असा ठराव त्यांनी मांडला आणि तो संमत झाला.

मग खर्च कापण्याला सुरुवात झाली. रात्रीचे पहारेकरी कशाला, असा प्रश्न आला. झोप न येणारे बारा ज्येष्ठ नाहीतरी कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारतातच. त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली की झाले. माळी कशाला? योगवर्गात सगळे वाकतातच. गवत असेल तिथे वाकावे. वसाहतीतल्याच एका निवृत्त डॉक्टरांनी लेखी दिले की केर काढल्याने मणका सरळ राहतो. रहिवाशाने काम करायचे आणि त्याच्या आकारातून तेवढी सूट घ्यायची, अशी ही योजना होती. काम ही अशी वस्तू आहे की ती कधी नष्ट होत नाही. एकाच्या अंगावरून उतरली की दुसऱ्याच्या अंगावर चढते. सभेत बसलेल्यांपैकी निम्मे विज्ञानाचे पदवीधर होते, पण हा नियम कोणाला आठवला नाही.

लोकांनी कुरकुर केली असती, तर एक वेळ गोष्ट वेगळी झाली असती. पण चिदंबरनाथन यांना माणसे ठाऊक होती. त्यांनी प्रत्येकाला पदनाम दिले. झाडू हातात आला तो 'परिसर स्वच्छता, उपसंचालक' या पाटीसकट. महिन्याभरात ज्येष्ठता यादी लागली. निवृत्त सहसचिवांनी निवृत्त मुख्याध्यापकांच्या हाताखाली तण उपटायचे की नाही, यावर तीन बैठका झाल्या. दोघांच्या बदल्या झाल्या, दोघेही समाधानी झाले. किरकोळ रजा सुरू झाल्या आणि त्या नाकारल्याही जाऊ लागल्या. माणसांच्या चेहऱ्यावर निवृत्तीपूर्वीचे तेज आले.

सौरिराजन यांना फाटक मिळाले. 'मुख्य प्रवेश नियंत्रण अधिकारी' अशी टोपी आली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांची परवानगी घेऊन कुठेतरी जात होते. पहिल्याच दिवशी त्यांनी दूधवाल्याला ओळखपत्र नाही म्हणून पाऊण तास उभे केले आणि रात्री त्यांना छान झोप लागली.

आकार मात्र उतरला नाही. टोप्या, शिट्ट्या, पाट्या, वाकताना पडल्यास विमा, आणि सर्वांची हजेरी घ्यायला ठेवलेला एक कारकून, असा नवा खर्च निघाला होता. वसाहतीत पगारी माणसे आता दोनच उरली: हजेरी घेणारा हा कारकून आणि स्वयंपाक करणारा रामसुब्बू. अध्यक्षांची नजर कारकुनावरून सरळ पुढे गेली.

त्या सभेत चिदंबरनाथन यांनी फक्त एक आकडा मांडला. वसाहतीतल्या मामींचा (इथे प्रौढ बायकांना सगळे मामीच म्हणत) स्वयंपाकाचा एकत्रित अनुभव दोन हजार सातशे वर्षे भरत होता. एवढा अनुभव पंख्याखाली बसवून ठेवणे ही साधनसंपत्तीची नासाडी आहे, असे ते म्हणाले. आचारी पद रद्द करावे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.

सौरिराजन यांचा हात वर गेला.

नंतर त्यांनी अनेकदा स्वतःला विचारले, का? त्यांच्या मनात तसे काही नव्हते. पण बत्तीस वर्षांच्या नोकरीत अध्यक्षस्थानावरून ठराव आला की हात वर जायचा, आणि ही हालचाल पुढेपुढे मेंदूपर्यंत न जाता परस्पर खांद्यातच ठरू लागली होती. सभागृहात पाहावे तिकडे असेच हात दिसत होते. कोमळवल्ली शेजारीच बसली होती. खोलीवर आल्यावर तिने दाराला कडी घातली. मग म्हणाली, "हात छान वर गेला तुमचा. खांदा दुखतो म्हणत होता ना?"

पाकगृहप्रमुख कोण, यावर चर्चा झाली नाही. रोजच्या रोज सांबारातले मीठ कमी आहे हे ज्या एका व्यक्तीला कळत होते, तीच या पदाला योग्य, असे अध्यक्ष म्हणाले. दुसऱ्या पहाटेपासून कोमळवल्ली एकशे तीस माणसांची इडली वाफवू लागली. तिच्या हाताखाली पाच मामी होत्या. त्यांतल्या तिघींना गुडघे नव्हते आणि दोघींना ऐकू येत नव्हते. सौरिराजन यांनी पहिल्या दिवशी सवयीने एक घास घेतला, डोळे मिटले आणि तोंड उघडले. मग समोरून पळी घेऊन येणारी बायको पाहून तो घास तसाच गिळला.

डॅलसहून मुलाचा, मुकुंदनचा व्हिडिओ फोन आला. अम्मा किती बारीक झालीय, अप्पा, इथे लोक यासाठी पैसे मोजतात, असे तो कौतुकाने म्हणाला. कोमळवल्लीने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि ती उडीद भिजवायला गेली. तिच्या मनगटावर वाफेने भाजल्याचा डाग होता. तसाच डाग नंगनल्लूरला असताना दुसऱ्या हातावर होता.

सौरिराजन टोपी काढून चिदंबरनाथन यांच्याकडे गेले.

"सर, तिला मोकळी करा. मी शब्द दिला होता तिला."

"करू की. मलाही वाईट वाटतं हो." चिदंबरनाथन खरेच वाईट वाटल्यासारखे दिसत होते. "पण नियम आहे. पासष्टीच्या आतली बदली बाई आली, की मामी मोकळ्या. दोन सदनिका रिकाम्या आहेत."

"आम्ही सोडून गेलो तर?"

"जा ना. तुमची जागा विकली गेली की रक्कम परत. म्हणजे तेव्हाही कोणीतरी यायलाच हवं." ते थोडे पुढे झुकले. "सौरिराजन, फाटकावर तुम्हीच असता ना?"

उपासनी दांपत्य पुण्याहून आले ते एका शनिवारी. गाडीतून उतरल्याबरोबर श्री. उपासनींनी पायरीला पट्टी लावली. त्यांच्या बगलेतल्या फाइलमध्ये चौदा वसाहतींचा तुलनात्मक तक्ता आणि एक आलेख होता. त्यातल्या दोन रेषा कुठेतरी पुढे एकमेकींना छेदत होत्या, आणि ते पाहून सौरिराजन यांना भाऊ भेटल्यासारखे वाटले. वसुधाबाई मागून सावकाश आल्या. बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, वय एकसष्ट. त्यांना विचारायचे होते ते एकच होते, आणि ते त्यांनी पट्टी गुंडाळली जायच्या आत विचारले.

"इथे आल्यावर मला घरात स्वयंपाक करावा लागणार नाही ना?"

सौरिराजन यांनी टोपी सरळ केली. एका वाक्यात या बाई गाडीत परत बसल्या असत्या. ते वाक्य त्यांच्या जिभेपर्यंत आलेही होते. भोजनगृहाच्या खिडकीत वाफेआड कोमळवल्ली कपाळ पुसत उभी होती.

"घरात? शेगडीला सक्त मनाई आहे, मॅडम," ते म्हणाले. "कलमच आहे तसं."

"पण आम्हाला," श्री. उपासनी म्हणाले, "तिन्ही त्रिकाळ इडली-सांबार नाही झेपणार. साधा वरणभात, वर तूप-लिंबू. मिळेल का?"

"तुम्ही राहायला आलात, की रोज मिळेल."

उपासनींनी तक्त्यात बरोबरची खूण केली. "बघ, किती नेमकं बोलतात. आपल्याकडे कोणी असं सांगतं का?"

तेवढ्यात कोमळवल्ली स्वतः कॉफी घेऊन आली. मिठाची गोष्ट सोडली, तर ती कधी खोटे बोलत नसे. तिने वसुधाबाईंचे हात पाहिले. डाव्या मनगटावर जुना, पुसट डाग होता. ती त्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

"तुम्ही इथे कामाला असता?" वसुधाबाईंनी विचारले.

"नाही हो, राहते इथे. आवड म्हणून करते." कोमळवल्लीने पेला पुढे केला. "या तुम्ही. इथे बाईमाणसाला फार मान आहे."

उपासनी महिन्याभरात राहायला आले. पाहुणे म्हणून पंधरवडाभर पंख्याखाली बसल्यावर वसुधाबाईंना पाकगृहप्रमुख पदाची पाटी देण्यात आली. ठरावाला श्री. उपासनींचाही हात वर होता. ते सिंचन खात्यातले.

कोमळवल्ली पुन्हा पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसते. पहिल्या दिवशी वसुधाबाईंनी वरण वाढले. कोमळवल्लीने एक घास घेतला, डोळे मिटले. सारे भोजनगृह थांबले. वरणात मीठ मुळीच नव्हते. तिने डोळे उघडले, वसुधाबाईंकडे पाहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "छान झालंय." पाठोपाठ प्रत्येक टेबलावरून छान झालंय, छान झालंय असा गजर उठला. चव कळते हे उघड झाल्यास काय होते, हे आता सर्वांना माहीत आहे.

वसाहतीच्या नव्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक छापले आहे: जेवणाबद्दल आजवर एकही तक्रार नाही. तेव्हापासून पुण्या-मुंबईकडून बरीच विचारणा होऊ लागली आहे. पायऱ्यांची उंची, पाण्याचा जडपणा, सारे काही कळवले जाते. वरणभात आहेच. ज्वारीची भाकरी मिळेल का, असे पुष्कळजण विचारतात. त्यांना मिळेल असे सांगितले जाते. त्यासाठी एक सदनिका रिकामी ठेवली आहे. येताना सौभाग्यवतींना मात्र अवश्य घेऊन यावे.