मिट्टीला विचारलं का?

रोज पहाटे उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या कॉलनीच्या लॉनवर शेवडेकाका पालथे पडलेले असतात. नाक गवतात, हात पसरलेले. नव्या दूधवाल्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कॅन तिथंच टाकून माझ्या दारात ओरडत आला होता, "अंकलजी गए!" मी म्हटलं, "गेले नाहीत, रोज असेच असतात." सकाळी सकाळी हेही मलाच समजावावं लागतं.

काका बँकेतून रिटायर झाले आणि कुणी न देताच त्यांनी लॉनचा ताबा घेतला. त्यांचा निळा ड्रम नेमका माझ्या खिडकीखाली असतो. त्यात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन मुरत पडतं. आमच्या घरात भज्यांना येत नाही एवढं बेसन हे गवत खातं. तक्रार केली की काका म्हणतात, "भाई, वास येतोय म्हणजे काम चालू आहे." भांडून भांडून मी थकलो. आता उदबत्ती लावतो.

राम घाटावरून ते निर्माल्याची पोती स्कूटरवर आणतात आणि त्याचं खत करतात. "युरिया म्हणजे गवताला नुसता चहा," त्यांचं ठरलेलं वाक्य. "तरतरी येते, पोट भरत नाही. माझं खत म्हणजे पोहे-जलेबी." इतकं खाऊनही गवत जागोजागी पिवळंच. पण काही सुचवायला जावं तर एकच प्रश्न: "मिट्टीला विचारलं का?"

परवा सेक्रेटरी तिवारीजींनी युरियाची पोती आणि तणनाशकाचे डबे आणले. लॉनवर मुलीची सगाई करायची होती. "बगल वाली कॉलनी देखो, कार्पेट है कार्पेट!" काका थेट पोत्यावर जाऊन बसले.

"मिट्टी से पूछा?"

"शेवडेजी, मिट्टी बोलती है क्या?"

"आप सुनते कहाँ हो!"

तिवारीजी माझ्याकडे वळले. "आपके मराठी आदमी हैं, आप ही समझाओ." उज्जैनमध्ये मराठी असण्याचे असे फायदे आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे जांभया देत मी लॉनवर गेलो. काका पालथेच होते, पण तळहात गवतातून हळूहळू फिरत होते. बाजूला रुमालावर गोखरूचे काटे, काचेचा तुकडा, एक टाचणी.

"तुमची काकू येईल आता," ते उठत म्हणाले. "शुगरनं तिच्या पावलांतली जाणीवच गेलीय. काच घुसली तरी कळत नाही. डॉक्टर चपलेशिवाय फिरू नका म्हणतात, पण ऐकते कुठे? लहानपणापासून गवतावर चालायची हौस. ते औषध मारलं आणि पाय भाजले, तर तिला कळणार नाही रे. मग मला कोण सांगणार?"

तेवढ्यात फाटक वाजलं. काकू अनवाणी आल्या आणि काकांनी हात फिरवलेल्या पट्ट्यावरूनच जपून चालू लागल्या.

"अहो, आज गार आहे का?"

मे महिना. गवत पहाटेही कोमटच होतं.

"एकदम थंडगार," काका म्हणाले.

"वाटतंच आहे मला," काकू हसल्या.

समजवायला आलेला मी तसाच परत फिरलो. तिवारीजी फाटकाशी चहा घेऊन उभेच होते.

"क्या बोले?"

"मिट्टी से पूछ लिया," मी म्हटलं. "मना कर रही है."