जावयाचा पुरावा

विचारलं तेवढंच सांगायचं, हा चैतूचा जन्मजात रोग. देवानं तोंड दिलं आहे तर माणसानं त्यातून दोन शब्द जास्तीचे काढावेत, असं बुधरीबाईचं म्हणणं. पण नाही. कोसमटोल्याची घरं मोजायला जंगलखात्याचा नाकेदार आला, भाताच्या रोवणीच्या बांधावर उभा राहिला आणि त्यानं चैतूला विचारलं, "तू कोणाकडचा गा? काय करून राह्यला इथी?" तर या शहाण्यानं चिखलातला हात वर करून सांगितलं, "बुधरीबाईकडं कामाले हाव, साहेब."

संपलं. मी जावई आहे, मंगलीचा नवरा आहे, घर माझंच आहे, यातला एक शब्द बाहेर आला नाही. नाकेदारानं लिहून घेतलं, 'बाहेरचा मजूर', आणि पुढच्या बांधावर गेला.

कोसमटोला जंगलखात्याचं गाव. तिथं कोण राहील आणि कोण नाही, ते खातं ठरवी. बाहेरच्या माणसाला राहायचं तर गावात सोयरीक झालेली हवी. नुसत्या मजुराला थारा नाही. महिन्याभरानं हुकूम आला. चैतूनं दिवाळीच्या आत गाव सोडावं.

बुधरीबाई ताडताड गोठ्यात गेली. तिच्या घराण्यात सासू जावयाशी थेट बोलत नसे. त्याच्यासमोर यायचं तर डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, पाठ करायची आणि सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. मंगली जवळ नसली की तो तिसरा म्हणजे बैल. बैल गरीब होता म्हणून, नाहीतर इतकी बोलणी ऐकून त्यानं कधीच दावं तोडलं असतं.

"पाय गा बैला," पदराआडून बुधरीबाई कडाडली. "जनावराले वाचा नाई म्हणून ते बोलत नाई. आपल्या घरच्या दोन पायाच्या जनावराले काय झालं? जावई हाव म्हणाले जीभ झडते का त्याची?"

चैतूनंही बैलाकडंच पाहिलं. "काय करून राह्यला असं इचारलं, बैला. मी काम करून राह्यलो होतो."

यात नाकेदाराचीही पुरती चूक नव्हती. चैतूकडं मुलीच्या घरी द्यायला काही नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणं तो आधी काही वर्षं बुधरीबाईच्या शेतात राबला, मग मंगलीशी लग्न लागलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला आणि नेहमीसारखा नांगर घेऊन गेला. बघणाऱ्याला फरक कळावा कसा?

मंगलीला दिवस गेलेले होते. ती चुलीपुढं बसून शांतपणे म्हणाली, "ते गेले का मीबी जाईन, माय. वैनगंगेच्या पल्याड."

बुधरीबाईच्या हातातला भाताचा चाटू तसाच राहिला. नवरा गेला होता, दुसरं लेकरू नव्हतं. मंगली गेली, तिचं होणारं मूल गेलं, की घरात एक ती आणि एक बैल. पण तोंडानं ती एवढंच म्हणाली, "जाते कशी! पाहातो मी!"

गडचिरोलीच्या बाजारात तिनं अर्ज लिहवून घेतला. जावई आहे, सबब राहू द्यावं. कचेरीतून उत्तर आलं, लग्नाचा दाखला आणा.

दाखला म्हणजे काय ते बुधरीबाईनं विचारलं नाही. विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. लग्न ज्याखाली लागलं तो मांडवाचा खांब अजून अंगणात होता. तिनं तो उपटला, डोक्यावर घेतला आणि कचेरीत नेऊन बाबूच्या टेबलावर आडवा ठेवला.

बाबू खुर्चीसकट मागं सरकला. "हे काय व्होय बाई?"

"दाखला. याच्याखाली लगन लागलं."

"याच्यावर सही कुठी हाये?"

"हे काय, वाळवीनं केली हाये. तुह्या सहीपेक्षा तं बरी हाये."

बाबूनं लिहिलं, पुरावा अपुरा. साक्षीदार आणा.

साक्षीदारांना काय तोटा! अख्खा गाव जेवला होता. तिनं शेजारच्या नथ्थूला नेलं आणि गावचा पाटील झाडू याला नेलं. नथ्थू म्हणाला, "मी लग्नाले होतो, साहेब. पयले मोहाची दारू वाटली. मंग काय झालं ते मले याद नाई." झाडू पाटील तर खरेपणाचा पुतळा. त्याला विचारलं, बाई याला जावई मानते का? तो म्हणाला, "जावई म्हणताना मी तं कधी ऐकलं नाई बा. ठोंब्या म्हणते. आयतखाऊ म्हणते. तेबी बैलाले सांगते."

बुधरीबाईनं बाहेर आल्यावर पाटलाकडं असं पाहिलं, की तो परतीची वाट सोडून आडरानातून घरी गेला. उत्तर आलं, साक्षीत मेळ नाही. आणखी पुरावा पाहण्यास नाकेदारावरचे डिप्टी साहेब स्वतः येतील.

आता मात्र तिची झोप उडाली. डिप्टी यायच्या दिवशी तिनं मंगलीच्या तोंडून हुकूम सोडले. चैतूनं कशाला हात लावायचा नाही. नवं धोतर नेसायचं, खाटेवर बसायचं, जावयासारखं दिसायचं. चैतू फासात पाय अडकलेल्या तितरासारखा खाटेच्या कडेला बसला. त्याच्यासाठी कोंबडा शिजत होता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

डिप्टी सायकल ढकलत आले, मागं नाकेदार. चैतू जन्माच्या सवयीनं उठला, धावत गेला, सायकल हातात घेतली आणि नव्या धोतराच्या सोग्यानं तिचा चिखल पुसू लागला.

"हा बाईचा जावई?" डिप्टी नाकेदाराला म्हणाले. मग चैतूकडं वळले. "बाई तुले मजुरी काय देते?"

"काई नाई, साहेब."

"मंग?"

"जेवण देते."

"लग्नाच्या आधी काय काम करत होता?"

"हेच."

"मंग लगन झाल्यावर फरक काय पडला?"

चैतूनं बराच विचार केला. "पयले पडवीत निजत होतो."

मंगली तोंड झाकून आत पळाली. डिप्टीच्या मिशा हलल्या, पण ते मान झटकून म्हणाले, "हे शिकवलेलंबी असू शकते. बाईले बोलवा."

बुधरीबाई बाहेर आली. डोकं उघडं, हात कमरेवर. सरकारी माणसाला ती भीत नव्हती. निदान तसं दाखवत नव्हती. "काय शिकवलं गा साहेब? ज्याले इतक्या वर्षांत मी बोलाले शिकवू शकली नाई, त्याले एका दिवसात शिकवीन? मह्या पोरीचं लगन मह्या अंगणात लागलं, आन् तुमी म्हणता..."

तेवढ्यात चैतू साहेबांसाठी पाण्याचा लोटा घेऊन आला. बुधरीबाईचा शब्द मध्येच तुटला. पदर सपकन हनुवटीवर आला, ती गर्रकन फिरली आणि पडवीच्या खांबावर आपटली.

"काय झालं?" डिप्टी दचकले.

खांबाकडं तोंड करून बुधरीबाई म्हणाली, "बैला, पाणी आणाले मंगली मेली होती का, ते इचार त्याले."

डिप्टींनी लोटा हातात घेतला आणि बाईच्या पाठीकडं पाहिलं. मग म्हणाले, "चैतू, जरा गोठ्यात जा." तो गेला. पदर वर गेला आणि बाईची जीभ जिथं थांबली होती तिथून सुरू झाली. "ये गा," डिप्टींनी हाक मारली. पदर खाली. "जा." पदर वर. चैतू सांगितल्याप्रमाणं येत-जात राहिला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"नाकेदार," डिप्टी म्हणाले, "तुझी माय गड्यासमोर पदर ओढते का?"

"गड्यासमोर कायले ओढन, साहेब?"

"मह्या सासूचं तोंड मी अजून पायलं नाई. आवाजानं ओळखतो." त्यांनी खाटेवर बैठक मारली, कागद काढला आणि लिहिलं, जावई आहे, राहू द्यावा. खाली सही केली.

पदराआड बुधरीबाईनं डोळे मिटले. आता शाई वाळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. साहेब नाल्यापलीकडं जाईपर्यंत उघडायचं नाही.

साहेब उठले. मन मोकळं झालं होतं, म्हणून वर बघत सहज म्हणाले, "पडवी मस्त वाढवली गा."

"हो साहेब," चैतू म्हणाला. "लेकरू येणार हाये."

"तुळई कशाची?"

"सागाची."

बुधरीबाईनं पदराचं टोक दातांखाली धरलं. पण चैतू समोर उभा, त्याला गप्प कर म्हणायची सोय नाही.

"कुठून आणली?"

"जंगलातून."

"परवाना?"

"नाई, साहेब."

डिप्टींचा आवाज बदलला. "तोडाले कोणी सांगतलं तुले?"

"मले कोणी नाई सांगतलं," चैतू प्रामाणिकपणे म्हणाला. "बैलाले सांगतलं होतं."

डिप्टींनी बैलाकडं पाहिलं, पाठमोऱ्या बाईकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. जावयाचा कागद त्यांनी मंगलीच्या हातात दिला. तो खरा होता. पण सरकारी साग सरकारजमा व्हायलाच हवा. नाकेदार पडवीवर चढला. खालून चैतूनं सगळ्यात जास्त मदत केली. तुळई निघाली, तिच्यामागं वासे निघाले, आणि छपरावरच्या कवेलूंचा ढीग धडाधड अंगणात उतरला. कोंबड्याची हंडी त्याच्याखाली गेली. तुळईचं एक टोक नाकेदारानं धरलं, दुसरं चैतूनं, आणि मागून सायकल ढकलत साहेब गेले.

बुधरीबाई धुळीत उभी होती. नाल्यापर्यंत तुळई पोचवून चैतू परत आला. खांद्यावर साल लागलेली, चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान.

तिनं पदर मागं टाकला आणि सरळ त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"माय!" मंगली किंचाळली. "जावई हाय समोर!"

"दिसते मले," बुधरीबाई म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "ऐक गा चैतू. तुह्यासारखा गडी मी एक दिवस ठेवला नसता. जावईच हायस तू!"