जिंकलो की निघालो

बेसबॉलच्या मॅचला लोक टोपी आणतात, झेंडा आणतात. आमचे इब्राहिमचाचा दोरीनं आवळलेली पेटी आणतात. चारही बाजूंना मार्करनं नाव, गाव, तालुका दापोली. पेटी मैदानाच्या कडेला ठेवायची, तिच्यावरच बसायचं आणि जाहीर करायचं, "जिंकलो की निघालो. इथूनच विमानतळ. खलास!"

चाचा इथं आखातात, मेसईदच्या एका कंपनीची बस चालवतात. त्याच बसमधून कंपनीची टीम खेळायला जाते. फिलिपिनो वेल्डर आणि दोन जपानी इंजिनिअर. दर हिवाळ्यात रास लफानच्या कंपनीच्या टीमशी तीन शुक्रवारी तीन मॅच, आणि मला आठवतंय तेव्हापासून सिरीज रास लफानची. चाचांच्या विश्वासावर ओरखडा नाही. पिचरला ते बोलर म्हणतात. नियम दोनच माहीत, तेही आपल्या बाजूचे. एकदा आम्ही अकरा-एक असे सडकून हरलो. "एक आला ना?" चाचा म्हणाले. "मग दार उघडलं. आता दहाच तर ऱ्हायले."

रास लफानची बस चालवणारा सदा साताऱ्याचा. तो डिवचायचा, "काय चाचा, विमान थांबवून ठिवलंय न्हवं?"

"थांबंल. पायलट आपला हाय."

"आन् चाची?"

"आयशा वाट बघतेय. तिला सांगून ठेवलंय, ट्रॉफी घेऊनच येतो."

हरलो की पेटी परत खोलीवर आणि चाचांची नव्या करारावर सही.

मला याचा संताप यायचा. मी इथल्या कामगारांसाठी पत्रकं लिहितो, अर्ज लिहितो. गोड बोलणं मला जमत नाही. "चाचा, साठी उलटली तुमची! टीम हरते आणि कंपनी तुम्हाला आणखी वर्षभर राबवते!"

"मग जिंकू दे की."

यंदा मी ऐकलं नाही. अर्ज ठोकून दिला: 'म्हाताऱ्या कामगाराला घरी पाठवणं हा उपकार नव्हे, त्याचा हक्क आहे! तिकडे त्याची पत्नी वर्षानुवर्षं वाट पाहते आहे!' सहीआधी चाचांनी तो वाचायला लावला. "ते वाट पाहतेचं परत वाच," म्हणाले. मी दणक्यात वाचलं. माझ्या भाषेचा परिणाम, असं मला वाटलं. ऑफिसात हुज्जत घालून मी तिकीट मिळवलं, तिसऱ्या मॅचच्या दुसऱ्या दिवसाचं. हरलो तर परत करणार, ही चाचांची अट.

पहिली मॅच रास लफाननं घेतली, दुसरी आम्ही. तिसरीत रास लफानच्या शेवटच्या गड्यानं चेंडू आभाळात घातला आणि आमच्या कॅप्टननं, रोमीनं, तो कुंपणाला पाठ लावून झेलला. जिंकलो! सगळे मैदानात धावले. चाचा पेटीवरून उठले नाहीत.

रोमी ट्रॉफी घेऊन आला. "चाचा, घर ले जाओ. आंटी को दिखाना." पोरांनी टाळ्या पिटल्या आणि बॅटी गोळा करायला गेली. सदा आला. "जिंकलासा चाचा. उघडा आता पेटी."

चाचांना गाठ सुटेना. मी सोडवली. आत एक टॉवेल होता, घडी घालून, ट्रॉफी ठेवायला. बाकी काहीच नाही.

"सामान कुठंय?" मी विचारलं.

"कुणासाठी भरू? आयशाला जाऊन तीन वर्षं झाली, पोरा. घराची किल्ली शेजाऱ्याकडं हाय."

मला आधी रागच आला. "मग सांगायचं ना! मी अर्जात लिहिलं, ती वाट..."

"लिव्हलंस ना. तू मोठ्यानं वाचलंस, बरं वाटलं."

मला रागवायला कुणी सापडेना. कंपनी नाही, ऑफिसातला साहेब नाही. तिकीट मीच भांडून आणलं होतं.

सदानं ट्रॉफी टॉवेलात गुंडाळली, पेटी बांधली आणि उचलून आमच्या बसमध्ये नेऊन ठेवली. चाचा स्टिअरिंगवर बसले. मागे पोरं गात होती. खिडकीशी उभं राहून सदा म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात आमी परत घेणार हां ही ट्रॉफी."

"घे की," चाचा म्हणाले. "पण घ्यायला दापोलीला यावं लागंल."

त्यांनी बस सुरू केली. गिअर टाकला नाही. मग हळूच विचारलं, "येशील ना?"