दंडवापस देवराव

देवरावकाका बँकेत शिरले की आधी भिंतीवरचं घड्याळ बघत, मग मनगटावरचं. बँकेचं जरा पुढं दिसलं की माझ्या काउंटरवर थाप पडे. "साहेब, घड्याळ पुढं काहून? लोकायला उशीर व्हावा अन् दंड लागावा म्हणूनच ना?"

मी सेनगावच्या शाखेत साधा कारकून होतो. घड्याळ पुढं असायचं ते शिपायाला घरी जायची घाई म्हणून. पण इतकं सरळ कारण काकांना कधी पटलं नाही.

बसस्टँडामागं काकांची पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्यावर तसंही अख्खं गाव संशय घेतं. काकांनी तो गावाला व्याजासकट परत केला होता, आणि बँकेवर तर त्यांचा खास लोभ. खात्यात शिल्लक कमी पडली म्हणून कुणाचे पैसे कापले, कुणाचा चेक परत गेला म्हणून दंड लागला, की तो माणूस आमच्याकडं न येता आधी गिरणीत जाई. काका अर्ज लिहीत, पोच घेत, आणि पोचेवरची सही खरी आहे का तेही वाकड्या नजरेनं बघत. गावानं त्यांचं नाव 'दंडवापस देवराव' ठेवलं होतं.

ज्याच्यासाठी भांडायचं त्याच्यावरही भरवसा नाही. साखरा गावच्या एका शेतकऱ्याला त्यांनी आधी लेकरांची शपथ घ्यायला लावली. त्याचा दंड परत मिळाला तेव्हा तो बिचारा लाडू घेऊन आला, तर काका म्हणाले, "पहिला तू खा."

बँकेचा चहा ते घेत नसत. "चहा पाजून राहिले म्हंजे कुठंतरी कापून राहिले." एकदा मॅनेजर इतके कंटाळले की अर्ज न वाचताच त्यांनी पैसे परत द्यायला सांगितलं. झालं! काका खुर्चीतून उठेनात. "इतक्या लवकर? दुसरीकडं दुप्पट घेतलं असंल." त्या दिवशी आमचं जेवण चार वाजता झालं.

अशा माणसाला एकदा स्वतःलाच दंड लागला. गिरणीच्या नव्या मोटारीसाठी त्यांनी आमच्याकडून कर्ज घेतलं होतं. हप्त्याची शेवटची तारीख शुक्रवारी आली. शुक्रवारी घरातली लक्ष्मी बाहेर द्यायची नाही, हा त्यांच्या बायकोचा, वच्छलाकाकूंचा नेम. त्या दिवशी गिरणीत गिऱ्हाइकाला सुटे पैसेही त्या परत देऊ देत नसत. काकांनी हप्ता शनिवारी भरला आणि दंड बसला.

आता हे बँक डोक्यावर घेणार म्हणून आम्ही धास्तावलो. काकांनी मात्र मुकाट्यानं दंड भरला. "चूक आपली हाय," एवढंच बोलले आणि निघून गेले. त्यांच्या सहवासात मलाही संशयाची सवय लागली होती. मी ती पावती दोनदा तपासली.

पुढच्या साली वच्छलाकाकूंना लकवा मारला. एका दुपारी काकांनी मला बँकेबाहेर लिंबाखाली बोलावलं आणि हातात नोटा ठेवल्या.

"घरी येऊन तिच्या हातात द्या. बँकेनं दंड वापस केला म्हणा. चूक बँकेची व्हती म्हणा."

"काका, पण हे तर तुमचेच पैसे."

"व्हय. पडल्या पडल्या एकच घोकून राहिली ती. माझ्या हट्टापायी तुमाला दंड बसला म्हणते. मी समजावलं तर म्हणते, माझं मन राखायला बोलून राहिले. माझ्यावर इस्वासच न्हाई तिचा."

ज्यानं उभ्या गावावर संशय घेतला, त्याच्यावर घरातच संशय! मला हसू आलं. पण काकांचे डोळे बघितले आणि ते आतल्या आत जिरलं.

काकू बाजेवर होत्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "खरं सांगून राहिले का, साहेब?"

"बँकेचीच चूक होती, काकू. मुदत शनिवारपर्यंत होती."

एका चालत्या हातानं त्यांनी नोटा कपाळाला लावल्या. "म्हंजे माझ्यापायी न्हाई लागला?"

"नाही."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आवो, ऐकलं का?"

काका दारात पाठमोरे उभे होते. "मी कवाचा सांगून राहिलो," ते म्हणाले. नोकरीत इतकं धडधडीत खोटं मी कधी बोललो नव्हतो, आणि इतकं बरंही मला कधी वाटलं नव्हतं.

काका रस्त्यापर्यंत सोडायला आले. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"साहेब, तिला खरं वाटलं ना? बराबर वाटलं ना?"

"वाटलं, काका."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला.