कढईतली हद्द

मुलांनो, मोठ्या परातीएवढी एक पसरट लोखंडी कढई डोळ्यांपुढे आणा. तिच्यात केशराचा पिवळा भात, भातावर तोंड उघडलेले शिंपले आणि एका बाजूला दोन लाल झिंगे. भोवती पाच खुर्च्या, पाच लाकडी चमचे. ताट मात्र एकही नाही. दिसलं? आता एका खुर्चीवर वांकिडीच्या चंपतरावांना बसवा. विमानासाठी मुलानं त्यांना पॅन्ट घालायला लावली होती. डोक्यावरची टोपी राहू द्या.

स्पेन देशातल्या वालेन्सिया शहरात, समुद्राकाठच्या खाणावळीत ते बसले होते. त्यांचा मुलगा महिपत तिथे नोकरीला होता. समोर बसले होते त्यांचे व्याही, गुडीहत्नूरचे नागोराव, म्हणजे सूनबाई चारुशीलेचे वडील. दोघांच्या मधे नऊ वर्षांची नात रेणू. चंपतराव तिचे आबा, नागोराव तिचे नाना.

आठ महिन्यांपूर्वी तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले. वांकिडी नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेली, गुडीहत्नूर जुन्या जिल्ह्यातच राहिलं. तेव्हापासून दोन्ही व्याह्यांचं धड बोलणं नव्हतं. त्यात रेणूला शाळेची सुट्टी लागली होती आणि तिला न्यायला दोघेही आले होते. तिला कोण आपल्या गावी नेणार, हे अजून ठरायचं होतं. चंपतरावांनी तिच्यासाठी आंब्याच्या झाडाला झोका बांधूनच विमान गाठलं होतं.

"तुमचा तर जिल्हाच गेला, इवाई," नागोराव व्याह्यांना म्हणाले. "पोरगी कुठं पाठवायची, त्याचा पत्ता तरी पक्का पायजे."

"आमचं कलेक्टर ऑफिस घराजवळ आलं. तुमी अजून आदिलाबादच्या चकरा मारून राह्यले," चंपतराव म्हणाले.

तेवढ्यात खाणावळीची म्हातारी मालकीण आली आणि हातवारे करत काहीतरी बोलली. चारुशीलेनं सांगितलं, "याला पाएया म्हणतात. सगळ्यांनी कढईतच खायचं. आपल्या समोरचा वाटा आपला. दुसऱ्याच्या हद्दीत चमचा न्यायचा नाही."

हद्द म्हटल्यावर दोघेही ताठ बसले. नागोरावांनी तर लिंबाच्या फोडी ओळीनं मांडून हद्दीचे दगडच रोवले.

चार घास झाले. मग चंपतरावांच्या लक्षात आलं की दोन्ही झिंगे नागोरावांच्या वाट्यात आहेत आणि रेणूसमोर नुसता भात. झिंगा उचलून तिला द्यावा, तर हद्द मोडते. चंपतराव कायदा पाळणारे गृहस्थ. त्यांनी हद्द मोडली नाही. रुमालानं कढईचा कान धरला आणि कढईच फिरवली.

"अहो, काय करून राह्यले?" नागोरावांनी समोरचा कान धरला आणि जोरात आपल्या उजवीकडे ओढला. चंपतरावही आपल्या उजवीकडेच ओढत होते. समोरासमोर बसलेल्या दोघांनी असं ओढलं की काय होतं, ते घरी थाळी घेऊन करून बघा. कढई गरकन अडीच फेरे फिरली. लिंबं घरंगळली, भात हलला. ती थांबली तेव्हा कोणाचा वाटा कोणता, हे सांगायला कोणी उरलं नाही.

आणि दोन्ही झिंगे येऊन थांबले थेट चंपतरावांसमोर.

"वा!" नागोराव म्हणाले.

"मी पोरीसाठी फिरवली! विठोबाची आण!"

"असू द्या. पण आता हे खायचं कसं? माझ्यापुढं जावयाचं उष्टं आलं, का तुमचं?"

"मंग मी काऊन तुमचं उष्टं खाऊ?"

पाचही चमचे खाली गेले. मालकिणीनं ते पाहिलं आणि आचाऱ्याला हाक मारली. पांढऱ्या मिशांचा आचारी बाहेर आला आणि हात पुसत मान खाली घालून उभा राहिला.

"त्याला वाटते, भात बिघडला," महिपत कुजबुजला. "बाबा, एक घास तरी घ्या."

चंपतरावांना त्या माणसाची दया आली. पण झोकाही डोळ्यांपुढून हलेना. "मी घेतो," ते म्हणाले. "पण रेणू वांकिडीले येईन."

"मीबी घेतो. रेणू गुडीहत्नूरले."

"तुमी आधी हो म्हना."

"तुमी म्हना."

"बाबा, मामंजी," चारुशीला म्हणाली. "तिला विचारलं काय कोणी?"

कोणी विचारलं नव्हतं. सगळे रेणूकडे बघू लागले. आचारीसुद्धा.

रेणू चमचा घेऊन उठली. नागोरावांपाशी जाऊन तिनं त्यांच्या समोरचा एक घास खाल्ला. मग आईसमोरचा, मग वडिलांसमोरचा, मग चंपतरावांसमोरचा. घाईनं नाही, नीट चावून. मग ती जागेवर येऊन बसली.

"आता सगळं माझं उष्टं झालं," ती म्हणाली. "माझं उष्टं खाता ना तुमी?"

दोन्ही आजोबांनी मुकाट्यानं चमचे उचलले. आचारी मिशीतल्या मिशीत हसून आत गेला.

"आन् सुट्टीत?" तोंडातला घास न गिळताच चंपतरावांनी विचारलं.

"दोन्हीकडे येते. पण एकटी नाही. वांकिडीला नाना माझ्यासोबत राहणार, गुडीहत्नूरला आबा."

व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. महिनाभर एका छपराखाली! नकार द्यायला दोघांनीही तोंड उघडलं. तेवढ्यात रेणूनं दोन झिंगे उचलले, आणि एक एका तोंडात, एक दुसऱ्या तोंडात कोंबला.