राष्ट्राध्यक्षांनी परत केलेलं भांडं

टिल्डन फॉल्सच्या संग्रहालयात पाहण्यासारखी वस्तू एकच होती, आणि त्या रविवारी दुपारी ती चर्चच्या पंगतीत बीन्सनी भरलेली होती.

वस्तू म्हणजे चिनी मातीचं, निळ्या काठाचं एक भांडं. गावचे सुपुत्र अ‍ॅम्ब्रोज हॅस्लर राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते तेव्हा त्यांची प्रचाराची आगगाडी इथे थांबली आणि एका विधवा बाईने त्यांना भांडंभर चिकन-नूडल्स दिल्या. "भांडं परत करीन," हॅस्लर म्हणाले. पुढे ते निवडून आले. कर कमी करीन म्हणाले होते, तो वाढवला. युद्धात पडणार नाही म्हणाले होते, ते पडले. त्यांचे दोन मंत्री तुरुंगात गेले. पण भांडं मात्र परत आलं. थेट व्हाइट हाउसमधून, घासूनपुसून, सहीच्या चिठ्ठीसकट.

हॅस्लर यांनी शब्द पाळल्याचा पुरावा तेवढाच, आणि गेली सव्वीस वर्षं तो सांभाळत होती व्हर्ना ओस्टरहाउट. शाळेची मुलं आली की ती काचेवर बोट ठेवून सांगे, "बघा, एवढ्या मोठ्या खुर्चीत बसला, पण बोललेलं विसरला नाही." त्या खोलीत आपण कधी खोटं बोललो नाही, याचा तिला हॅस्लरपेक्षाही जास्त अभिमान होता.

सोमवारी राजधानीतून सरकारी तपासनीस यायचा होता. पाटीवर लिहिलेली वस्तू कपाटात नसेल तर संग्रहालय बंद, असा नवा नियम निघाला होता. म्हणून व्हर्नाने शनिवारी भांडं धुवायला घरी आणलं आणि ओट्यावर वाळत ठेवलं. रविवारी तिला गाण्याच्या सरावासाठी चर्चमध्ये लवकर जायचं होतं. जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "ड्वेन, बीन्स निळ्या काठाच्या भांड्यात काढ आणि घेऊन ये."

तिला म्हणायचं होतं स्वयंपाकघराच्या कपाटातलं, रोजच्या वापरातलं. ड्वेनला दिसलं ओट्यावरचं. त्याने बीन्स काढले, इतरांसारखी भांड्याच्या बुडाला नावाची कागदी पट्टी चिकटवली आणि वेळेवर पोचला. चाळीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच वेळेवर पोचला होता.

जेवणं झाल्यावर व्हर्नाच्या लक्षात आलं. "ड्वेन, हे भांडं कुठून घेतलंस?"

"ओट्यावरून. तूच सांगितलंस की."

ती स्वयंपाकघराकडे धावली. तिथे तिची मैत्रीण इर्मा हात पुसत उभी होती. समोर निळ्या काठाची पाच भांडी स्वच्छ चमकत होती आणि मोरीतल्या कढत पाण्यात नावांच्या पाच पट्ट्या तरंगत होत्या.

झालं होतं असं, की हॅस्लरांच्या शताब्दीला संग्रहालयानेच त्या भांड्याच्या प्रती काढून विकल्या होत्या. बुडावरचा शिक्कासुद्धा तसाच हवा, म्हणून कारखानदाराशी तीन महिने भांडली होती ती व्हर्नाच. ते भांडण ती जिंकली होती.

"वास घेऊन बघू," ड्वेन म्हणाला. "माझ्या बीन्समध्ये मोहरी होती."

"मी मेहनतीनं धुतलीत," इर्मा दुखावली. "वास कसला येतोय?"

बघता बघता माणसं जमली. कुणी भांडं वाजवून पाहिलं, कुणी उजेडात धरलं. शेवटी पास्टर म्हणाले, "आपण लोकशाहीत राहतो. मत घेऊ."

इर्माने भांड्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. पास्टरांच्या आवडत्या पक्षाचे लोक पहिल्या भांड्यामागे उभे राहिले, म्हणून दुसऱ्या पक्षाचे तिसऱ्यामागे गेले. दोन, चार आणि पाच ही भांडी कुणी हातातही घेतली नाहीत. दोन्हीकडे एकतीस मतं पडली. पुन्हा मोजल्यावर कळलं, की ड्वेनने दोन्ही वेळा हात वर केला होता.

"असं का केलंस?" व्हर्नाने विचारलं.

"दोन्ही बाजूंचं पटलं."

व्हर्ना मटकन खुर्चीत बसली. इर्मा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अगं, कुठलंही एक ठेव. राष्ट्राध्यक्ष उठता बसता थापा मारतात, तरी देश चाललाय. तू एक भांड्याएवढी मारलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"माझ्या खोलीत कोसळेल," व्हर्ना म्हणाली.

सोमवारी तपासनीस क्विगली आला, तेव्हा कपाटात पाच भांडी होती. सडपातळ, घाबरट माणूस. बॅग छातीशी धरून उभा. व्हर्नाने त्याला बीन्सपासून मतदानापर्यंत सगळं सांगितलं. संग्रहालय बंद झालं तर आपण उद्यापासून काय करणार, हे तिला ठाऊक नव्हतं, तरी ती बोलत राहिली. "यातलं एक खरं आहे," ती म्हणाली, "पण कुठलं ते मला सांगता येत नाही."

क्विगलीने सुटकेचा श्वास सोडला. ते पाहून ती गोंधळली.

"बाई, मला काल रात्रभर झोप नाही. हे तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं." त्याने एक कागद काढला. हॅस्लर यांच्या चिटणिसाच्या रोजनिशीतलं पान होतं ते. मूळ भांडं आगगाडीतच फुटलं. तशाच बनावटीचं दुसरं दुकानातून आणून पाठवलं. बाईंना कळवू नये, असा साहेबांचा हुकूम.

व्हर्नाने कागद दोनदा वाचला. "म्हणजे सव्वीस वर्षं मी पोरांना खोटं सांगत होते."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं."

"पोरांना ते सारखंच," ती म्हणाली आणि रडली. क्विगलीला काय करावं कळेना, म्हणून त्याने नियमांचं पुस्तक उघडलं. "पाटीवर लिहिलंय ते कपाटात असलं पाहिजे, एवढंच इथे म्हटलंय. पाटी बदला. मग माझी हरकत नाही."

तिने त्याच दिवशी पाटी बदलली: 'राष्ट्राध्यक्ष हॅस्लर यांनी परत केलेलं भांडं मूळ नव्हतं. या पाचांपैकी एकही खरं नाही.' हॅस्लरांबद्दल संपूर्ण खरं सांगणारी गावातली ती पहिली पाटी असावी.

महिन्याभरात शेजारच्या राज्यांतूनसुद्धा गाड्या येऊ लागल्या. लोक पाटी वाचत, एकमेकांना कोपर मारत आणि भांड्यांकडे निरखून बघत. "तुम्हाला सांगायची बंदी आहे ना?" एका बाईने व्हर्नाला कानात विचारलं. "सरकार एवढं ठासून 'नाही' म्हणतंय म्हणजे खरं यातच आहे. तिसरं ना? तुम्ही बोलू नका. नुसती पापणी हलवा."

"बाई, एकही खरं नाही. मी स्वतः कागद वाचलाय."

"बिचारी," ती बाई नवऱ्याला म्हणाली. "किती दडपण असेल हिच्यावर."

संध्याकाळी दार लावून व्हर्ना भांडी पुसायला बसली. ड्वेन तिला न्यायला आला होता. तो दारातून बघत राहिला. पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं तिने फडक्याने झटकन पुसलं. तिसरं मात्र दोन्ही हातांनी उचललं आणि पोटच्या लेकरासारखं जपून खाली ठेवलं.

"व्हर्ना," तो म्हणाला, "ते खरं नाहीये ना?"

"नाहीच मुळी," ती म्हणाली आणि ते भांडं पुन्हा एकदा पुसू लागली.