केराना आत्याच्या आवाजाची चाचणी

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, स्मोल्यान या डोंगरातल्या शहरातील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, वेलिचको दिमोव्ह यांचा घरगुती ध्वनिमुद्रण-संगणक पूर्णपणे तयार झाला. या तयारीला तीन वर्षे दोन महिने लागले.

फुकट घेऊन स्वतः जुळवायचे मुक्त सॉफ्टवेअर माणसाला स्वतंत्र करते, आणि स्वतंत्र माणसाला कामे फार असतात. (पारतंत्र्यात एक बटण दाबले की भागते.) वेलिचको पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासतात, त्यामुळे अचूकतेची आवड जुनीच. संगणकाचा हेतू एकच होता. त्यांची आत्या केराना, वय शहाऐंशी, हिला वरच्या गावातले चौदा कडव्यांचे एक गाणे येते, आणि ते येणारी आता ती एकटीच उरली आहे. ते गाणे राहावे. संगणक हे साधन, गाणे हे साध्य, असे वेलिचको यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून भिंतीवर लावले. पुढे त्या जागी वायरींची आकृती लावावी लागली.

स्टुडिओसाठी काचा लावून बंद केलेली बाल्कनी निवडण्यात आली. हिवाळ्याच्या बेगमीच्या एकशे दहा बरण्या तिथून जिन्यात गेल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जाड लोकरी पांघरुणे ठोकली. ती आत्याने लग्नाआधी स्वतः विणली होती. (आत्या तो हिवाळा दोन कोट अंगावर घेऊन झोपली.)

याच सुमारास पत्नी दोब्रिंका यांनी एक हरकत नोंदवली.

"अरे, फोन काढ आणि घे ना रेकॉर्ड करून. इथे बसलीय ती, गातेय."

"फोनवर? आत्याचा आवाज परक्या कंपनीच्या कुलपात घालू?"

"कुलपात राहील तरी. इथे नुसता हवेत चाललाय."

हरकत तत्त्वाला धरून नसल्याने फेटाळण्यात आली.

मुख्य अडचण विलंबाची होती. माइकमध्ये शिरलेला आवाज हेडफोनमधून परत ऐकू यायला जो वेळ लागतो, तो विलंब. पहिल्या वर्षी तो एकेचाळीस मिलीसेकंद होता, दुसऱ्या वर्षी अकरा, तिसऱ्या वर्षी दोन पूर्णांक सात. त्याच काळात दोब्रिंका स्वयंपाकघरात आत्याचे गुणगुणणे ऐकून कॅलेंडरवर रेघा मारत होत्या. कडवी पहिल्या वर्षी चौदा, दुसऱ्या वर्षी बारा, तिसऱ्या वर्षी नऊ. दोन्ही आकडे सातत्याने उतरले. पहिल्याबद्दल इंटरनेटवरच्या जाणकारांच्या मंचावर अभिनंदनाचे एकशे सहा संदेश आले. दुसरा टाकण्यासाठी मंचावर रकाना नव्हता.

फुकट घेतले की फुकट द्यावे, हा या मंडळींचा धर्म. म्हणून वेलिचको यांनी मध्ये आठ महिने काढून चौसष्ट पानांची मार्गदर्शिका लिहिली. ती चार हजार एकशे बारा जणांनी वाचली. त्यांतल्या किती जणांनी पुढे काही ध्वनिमुद्रित केले, हे कळलेले नाही. (असे विचारणे असभ्य समजतात.) खुद्द वेलिचको यांच्या संग्रहात तीनशे बारा मुद्रणे आहेत. सर्वांत ते "एक, दोन, एक, दोन" म्हणतात. एकात शेजाऱ्यांचे ड्रिलही आहे.

"वेलिचको, अरे लेकरा," आत्याने एकदा दारातून विचारले, "तीन वर्षं झाली, तुला अजून तीन येईनात का रे?"

तर शनिवार. दहा पंचावन्नला आत्या डोक्याचा रुमाल नीट करून माइकसमोर बसली. हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"आत्या, आधी आवाजाची पातळी बघू. काहीही बोल."

"काय बोलू?"

"काहीही. हे धरायचं नाही."

"धरायचं नाही ना? मग बरं."

हात सुटले आणि आत्या गाऊ लागली. काचेपलीकडे दोब्रिंका भाजलेल्या मिरच्या सोलत होत्या. त्यांनी लाल झालेल्या बोटाने कॅलेंडरवर रेघा मारायला घेतल्या. नऊ झाल्या. दहावी झाली. हरवलेली पाच कडवी आपापल्या जागी येऊन बसली. आठ मिनिटांत चौदा. वेलिचको पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवर डोळे लावून होते. ती एकदाही लालमध्ये गेली नाही. मुद्रण अर्थातच चालू नव्हते. पातळी ठरण्यापूर्वी मुद्रण करू नये, असे मार्गदर्शिकेच्या एकतिसाव्या पानावर ठळक अक्षरांत आहे.

"अचूक!" वेलिचको म्हणाले. "आता खरं गा, आत्या."

"गायले की."

"ती चाचणी होती."

आत्याने पुन्हा हात घट्ट धरले आणि सुरुवात केली. तिसऱ्या कडव्यानंतर ती थांबली. "आत्ता तर इथंच होतं," म्हणत तिने एप्रनचा खिसा चाचपून पाहिला.

दोब्रिंका धावत आत आल्या. "चौदा झाली होती रे! सगळी! मी मोजली!"

"शब्द? शब्द लक्षात आहेत?"

"शब्द कुठले? मी मोजत होते ना!"

"तू तर हेडफोन लावून बसला होतास," आत्या पुतण्याला म्हणाली. "तू सांग मला, पुढं काय होतं?"

वेलिचको यांनी पातळी सांगितली.

हा मजकूर लिहीपर्यंतची स्थिती अशी: आत्या पुढच्या शनिवारी पुन्हा बसायला तयार आहे, पांघरुणे परत मिळाली तर. प्रणालीची नवी आवृत्ती आली असून ती बसवावी की नाही, यावर मंचावर चर्चा सुरू आहे. गाणे कशाबद्दल आहे, याची विचारणा मात्र अद्याप कोणी केलेली नाही. मार्गदर्शिकेच्या चार हजार एकशे बारा वाचकांनी नाही, आणि हा मजकूर इथवर वाचणाऱ्यांनीही नाही. विलंब किती उरला, ते सर्वांना पाठ आहे.